बांगडी फिरते का?

“हात ढिला सोड, माय. हात तुहा नाहीच असं समज.”

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडच्या आठवडी बाजारात बांगड्या भरायला बसलेल्या प्रत्येक बाईला बांगडीवाली चाची हे सांगायची. मग तिचा पंजा दोन्ही हातांत घेऊन कणकेच्या गोळ्यासारखा मळायची, अंगठा तळव्यात दुमडायची, आणि काच सांध्यांवरून मनगटात कधी उतरली ते त्या बाईलाही कळायचं नाही. बांगड्या भरणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. बहुतेकींचं लक्ष बांगडीकडे असतं. चाचीचं हाताकडे असायचं.

मी धाडपासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका गावात उपकेंद्राची नर्स होते. सरकारनं मला बीपीचं मशीन, वजनकाटा, लघवी तपासायच्या पट्ट्या आणि पुष्कळ रजिस्टरं दिली होती. चाचीकडे पत्र्याची एक पेटी होती. ती डोक्यावर घेऊन ती बाजार नसलेल्या दिवशी गावोगाव फिरायची. “तुहं नि माहं गिऱ्हाईक एकच हाय, सिस्टर,” ती म्हणायची. “तू सुई टोचते, मी काच चढवते. रडतात दोघींच्याही पुढं.”

पहिल्यांदा ती उपकेंद्रात आली ती भर दुपारी. पाणी प्याली, पेटीला टेकून बसली आणि म्हणाली, “वरच्या आळीतल्या त्या नव्या सुनेचं माप वाढलं.”

मला वाटलं, धंद्याची गोष्ट आहे. “बरं झालं की. नव्या बांगड्या घेईल.”

शिकलेल्या माणसाकडे जसं पाहावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. “हाडाचं माप काय दर पंधरवड्याला बदलते? दोन-चारचा हात दोन-सहा झाला. सहावा महिना हाय तिले. ते मांस नाही, सिस्टर. पाणी हाय.”

दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही बांगड्यांची मापं. दोन म्हणजे दोन इंच. पुढचा आकडा कशाचा, ते चाचीला माहीत नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी त्या सुनेकडे गेले. बीपी थोडं वर होतं. डॉक्टरांकडे पाठवली, गोळ्या सुरू झाल्या, पुढे सगळं नीट पार पडलं. म्हणजे सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. आमच्या कामात याहून चांगली गोष्ट नसते.

चाची चुकायचीही. दिवस भरत आले की थोडीफार सूज पुष्कळ जणींना येते आणि तिचा अर्थ दरवेळी वाईट नसतो. कधी नुसता उन्हाळा असायचा, कधी दिवसभर कपडे बडवलेले हात असायचे. बीपी आणि लघवी पाहिल्याशिवाय खरं काय ते कळत नाही, हे मी तिला चारदा समजावलं. ती म्हणाली, “मी कुठं डॉक्टर हाय? मी फक्त सांगते, दारात कोणी आलं. चोर हाय का पाव्हणा, ते तू पाहा.”

एकदा तिनं एका पोरीला माझ्याकडे पाठवलं. कार्डावर एकोणीस वय होतं, चौथा महिना. मागोमाग चाची आली आणि दारातूनच म्हणाली, “दोन-दोनची बांगडी गळून पडून राह्यली हातातून. हा हात अजून शाळेचा हाय, सिस्टर. नखं पाहा, कशी चुन्यासारखी.” रक्त तपासलं तर इतकं कमी होतं की मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवली. वयाचंही चाचीचंच खरं निघालं. दुसऱ्या एकीला पहिलं लेकरू अंगावर पीत असताना पुन्हा दिवस गेले होते. तिच्या सासूला चाचीनं भर बाजारात विचारलं, “काऊन वं, भट्टीतून काढलेली काच लगेच हातात घालतात काय? थंड तर होऊ दे.” सासू लाजली. बाजूची लसूणवाली मात्र आठवडाभर हसत होती.

त्याच सुमारास आम्हाला जोखमीच्या गरोदर माता कशा ओळखाव्यात याचं प्रशिक्षण मिळालं. मोठा फलक होता, समई होती, समईला वारा लागू नये म्हणून धरलेली एक फाइल होती. पाहुण्यांचा सत्कार अडीच तास चालला आणि जोखीम पंधरा मिनिटांत आटोपली. परत आल्यावर मी माझ्या रजिस्टरच्या समासात पेन्सिलीनं प्रत्येकीचं बांगडीचं माप लिहू लागले. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, “हे दोन-चार काय आहे? कुठल्या प्रपत्रात येतं?” मी म्हटलं, “चाचीच्या.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आता अश्विनीची गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय चाची पुरी होत नाही.

अश्विनी गावातल्या एका बऱ्यापैकी शेतीवाल्या घरची थोरली सून. पहिलंच बाळंतपण. ओटीभरण सातव्या महिन्यात व्हायचं, पण सोयाबीनची काढणी आली. आठव्यात असलं काही करत नाहीत. म्हणून नवव्यात ठरलं, आणि उशीर झाला तो भरून काढावा तसं दणक्यात ठरलं. मांडवात थर्माकोलचा चंद्र, फुलांचा झोपाळा, फुलांचंच धनुष्य. फोटोवाला अश्विनीला मान कलती करायला सांगत होता. ती म्हणत होती, सकाळपासून डोकं दुखतंय. तिच्या डोळ्यांपुढे ठिपके येत होते आणि त्याचा दोष ती फोटोवाल्याच्या दिव्याला देत होती. दोन आठवड्यांपूर्वी मीच तिचं बीपी मोजलं होतं, तेव्हा ते ठीक होतं. त्यामुळे मी पहिल्या पंगतीत बसून जिलबीकडे पाहत होते, हे कबूल केलेलं बरं.

हिरव्या बांगड्या भरायला चाची बसली. “हात ढिला सोड, माय.”

“सोडलाच आहे, चाची.”

चाचीनं पंजा मळला. दोन-चारची बांगडी सांध्यांवर अडली. तिनं ती काढून ठेवली, हाताच्या पाठीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. हा हात मोकळाच होता; दुसऱ्या हातात महिन्यापूर्वी तिनंच भरलेल्या सहा बांगड्या होत्या. त्या मांसात रुतल्या होत्या.

“मोठ्या मापाच्या घाल ना,” सासू म्हणाली. “मुहूर्त टळून राह्यला.”

“मोठं माप आणलं नाही.”

“ते काय, पेटीत दिसून राह्यलं.”

चाचीनं पेटीचं झाकण लावलं आणि ती पेटीवर बसली.

ओटीभरणाला बांगडीवालीनं बांगडी भरायला नकार द्यावा, याहून मोठा अपशकुन आमच्याकडे एखाददुसराच असेल. सासूचा चेहरा उतरला. “चाची, चार लोकांत शोभा करून राह्यली काय आमची?”

“हाव. शोभाच करत आली मी सगळ्या बायांची, आजपर्यंत.” मग तिनं मान वळवून मला हाक मारली. “सिस्टर, तुही बांगडी घाल हिले आधी. मग मी घालते.”

मला क्षणभर कळलं नाही. चाचीनं आपल्या दंडाला हात लावला. बीपीचा पट्टा. मशीन माझ्या स्कूटीच्या डिकीत होतं. पट्टा बांधला, फुगवला, उतरवला, पुन्हा फुगवला. वरचा आकडा एकशे सत्तर, खालचा एकशे दहा. लघवीची पट्टी पाहता पाहता रंग बदलून बसली.

सासूला मी बाजूला नेऊन सांगितलं, की हिला कधीही झटका येऊ शकतो, आला तर ही आणि बाळ दोघंही हातचे जातील, आता निघायचं. ती बाई वाईट नव्हती. घाबरली होती. घाबरलेलं माणूस रिवाजाला धरतं. ती म्हणाली, “ओटी भरल्याबिगर उंबऱ्याबाहेर काढू? मोकळ्या हातानं?”

“मोकळा कुठं हाय?” चाची पेटीवरूनच म्हणाली. “माह्या हातात हाय ना.”

खरंच, तिनं तो अजून सोडलेला नव्हता. सासूनं त्या हाताकडे पाहिलं आणि मान डोलावली.

झटका येऊ नये म्हणून द्यायचं पहिलं इंजेक्शन मी उपकेंद्रात दिलं. रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती, म्हणून घरच्याच गाडीनं बुलढाण्याला निघालो. पुढे सासू आणि अश्विनीचा नवरा, मागे अश्विनीला कुशीवर निजवून आम्ही दोघी. दवाखान्यात शीर शोधावी लागणार होती आणि त्या सहा बांगड्या काढाव्याच लागणार होत्या. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. चाचीचं एक वाक्यच होतं, माप वाढलं की बांगडी वाढवायची पाळी येते. सासूनं पुढच्या सीटवरून वळून हात जोडले. “वाढवू नका, चाची. तेवढ्या वाढवू नका.”

“समोर पाहा, बाई. माहं काम मले करू दे.”

तिनं अश्विनीच्या पंजावर एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली, वरून ओला साबण फिरवला. गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडत होती. मी अश्विनीची नाडी धरून तिचा श्वास पाहत होते. चाचीनं पहिली बांगडी केसाएवढी, मग नखाएवढी सरकवली. “हात ढिला सोड, माय. हात तुहा नाहीच. माहा हाय.” अश्विनी डोळे मिटून म्हणाली, “चाची, मी जगन ना?” चाचीनं मान वर केली नाही. “मले अजून पाच काढायच्या हायेत. मधात बोलू नको.”

सहावी निघाली तेव्हा बुलढाणा लागलं होतं. एकही वाढली नव्हती. चाचीनं त्या ओढणीच्या पदरात बांधल्या आणि गाठ मारली.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, वजनानं अगदीच कमी. ती काही दिवस काचेच्या पेटीत होती. अश्विनीचं बीपी उतरायला तिसरा दिवस लागला. चाची पहिल्या दिवशी दवाखान्याच्या जिन्याखाली बसून होती. डॉक्टर बाईंनी दोघीही वाचल्या असं सांगितल्यावरच उठली.

परतताना एसटीत तिनं पदराची गाठ चाचपली. मग म्हणाली, “माही एक धाकटी बहीण होती. पहिल्या बाळंतपणात वारली.”

मी तिच्याकडे वळले.

“दोन-चार नाही गेली तर मी तिले दोन-सहा घातली. पुढच्या खेपेला ती बी नाही गेली, तर दोन-आठ. म्हटलं, पोरगी सासरी सुखात हाय, भरली. घरची चुडीवाली होती मी. माप कमी पडू देते काय?” खिडकीबाहेर कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. “तवापासून मोठं माप मागितलं का मी आधी विचारते, काऊन पाहिजे.”

बारशाला चाची गेली ती नेहमीची पेटी घेऊन, पण उघडली नाही. पदरातून सहा बांगड्या काढल्या आणि अश्विनीच्या हातात घातल्या. साबण लागला नाही. सासूनं चाचीला पाटावर बसवून तिचीच ओटी भरली आणि म्हणाली, “त्या दिवशी तू पेटीवर बसली, ते मी इसरली नाही.”

“मी बी नाही,” चाची म्हणाली. “पत्रा आत गेला तिचा.”

त्यानंतर चाचीनं बाजारात एक नवाच कायदा काढला. पोटुशी बाई दिसली की बांगडी न विकताही सांगायची, “दर बाजाराला बांगडी फिरवून पाहायची. फिरली तर बाजार कर. अडली तर सिस्टरकडे जा. डोकं दुखलं, डोळ्यापुढं ठिपके आले तर बांगडीची बी वाट पाहू नको.” समई नव्हती, फलक नव्हता. बायांनी ते ऐकलं.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. त्याआधी आठ दिवस मी तिला भेटायला घरी गेले होते. खाटेवर पडून होती, आवाज बारीक झाला होता. मी हात हातात घेतला तर तिनंच माझा पंजा मळायला सुरुवात केली. अंगठा दुमडला, सांधे चाचपले. “दोन-सहा,” ती म्हणाली. “तुहं पाणी नाही, सिस्टर. तुहं जेवण हाय.” तिच्या स्वतःच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकत होत्या.

बाजारात लसूणवाली आणि प्लास्टिकच्या बादल्या यांच्यामध्ये तिची जागा होती. ती अजूनही कुणी घेतलेली नाही. बादल्यावाल्यानं एकदा चार बादल्या तिकडे सरकवल्या. लसूणवालीनं त्या परत सरकवल्या.

परवा बाजार करून मी एसटीत बसले होते. पुढच्या सीटवर अश्विनीची सासू होती, शेजारी धाकटी सून, पाचव्या-सहाव्या महिन्यातली. गाडी बाजाराला लागूनच उभी होती, अजून सुटायची होती. सून मोबाइल पाहत होती. सासूनं खिडकीबाहेर पाहत पाहतच तिचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“काय झालं, आई?”

“काही नाही. हात ढिला सोड.”

तिनं दोन बोटांनी एक बांगडी धरली आणि सावकाश पूर्ण फिरवली. मग दुसरी. मग तो हात सुनेला परत दिला.

“फिरते,” ती म्हणाली. लसूणवालीच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाली.