भोंगा आणि मौन

परवा डब्याच्या जुन्या पिशवीत मौन प्रार्थनेची ती छोटी पुस्तिका सापडली, आणि मुखपृष्ठावरच्या माझ्या अंगठ्याच्या तेलकट ठशाला अजून कंपनीचा वास येत होता. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी असायची. त्या दिवशी चिंचवडच्या चर्चमागच्या हॉलमध्ये एक वयस्कर सिस्टर आम्हा दहा-बारा कामगारांना डोळे मिटून देवापुढे गप्प बसायला शिकवायच्या. माझं मन काही थाऱ्यावर राहायचं नाही, डोळे मिटले की समोर लेथ मशीन फिरायला लागायचं. ‘हे आपल्याला नाही जमायचं’ असं त्या दिवशी सिस्टरना सांगूनच टाकायचं ठरवून मी बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या कंपनीचा जेवणाचा भोंगा वाजला. तो टायमरवर चालायचा, त्याला कसली सुट्टी! आम्ही सगळेच्या सगळे मिटल्या डोळ्यांनी ताडकन उठलो आणि पायाशी डबा चाचपायला लागलो. “आरं राव, आज सुट्टी हाय!” कुणीतरी ओरडला, आणि अख्खा हॉल हसत सुटला. आता सिस्टर चिडणार असं वाटलं, पण त्याच हसून हसून डोळे पुसत होत्या. “देवाच्या हाकेला एवढ्या झटक्यात उठलात ना, तर माझं काम झालं,” त्या म्हणाल्या. “बसा आता.” बसलो. हसू हळूहळू ओसरलं, आणि मागे जी शांतता उरली तिच्यात लेथसुद्धा निवांत फिरत राहिला, मी त्याला थांबवायला गेलो नाही. आता मी निवृत्त आहे. दुपारी बायको ताटं घेते, तेव्हा मी डोळे मिटून प्रार्थनेला बसत म्हणतो, “वीस मिनिटं थांब, माझा भोंगा झालाय.”