डाव्या कानातली शिट्टी

कारखान्यात तिला सगळे कानसेनबाई म्हणत. नाव थट्टेत पडलं आणि चिकटलं. आधी ती पॅकिंगला होती. गाण्याच्या तबकड्या पाकिटात सरकवायच्या, एवढंच काम. एकदा भिंतीपलीकडे वाजणारी तबकडी ऐकून ती सहज म्हणाली, "तिसऱ्या गाण्यात खरखर आहे." खरखर निघाली. तेव्हापासून एकोणीस वर्षं ती ऐकायच्या खोलीत. नव्या रेकॉर्डचा पहिला नमुना यंत्रातून निघाला की तिने हेडफोन लावून दोन्ही बाजू ऐकायच्या आणि चिठ्ठीवर सही करायची. मग सुपरवायझर ऐकून दुसरी सही करणार. त्यानंतरच हजारो प्रती निघायला लागत.

दिवसभर लोकांची गाणी ऐकून आलेली ही बाई घरी नवऱ्यालासुद्धा हळू बोलायला लावी.

त्या दिवशी सकाळी एका हार्ड रॉक बँडची दुसरी रेकॉर्ड आली. पहिलीही तिनेच तपासली होती. "पोरं भांडी आपटतायत, पण स्वच्छ आपटतायत," असा शेरा तिने तेव्हा तोंडी दिला होता. या वेळी मात्र पहिल्याच गाण्याला ती सरसावून बसली. गिटारी तशाच कडाडत होत्या, पण ड्रमवाला आता थांबायला शिकला होता. शेवटच्या गाण्यात एकेक वाद्य गप्प होत गेलं आणि घसा बसलेला गायक एकटा उरला. बाईच्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत असं चार-पाचदाच झालं असेल.

आणि तिथेच, त्या शांततेत, डावीकडे बारीक शिट्टी वाजली.

तिने सुई मागे नेली. शिट्टी होतीच. तबकडीत दोष असेल तर साचा नव्याने करावा लागणार, आणि बँडचा दौरा आठवड्यावर आलेला. पण तिला धास्ती वेगळीच होती. ही शिट्टी हिवाळ्यापासून तिच्या ओळखीची होती. दात घासताना यायची, बसमध्ये यायची. "आई, चार हाका मारल्या," म्हणून मुलगी चिडली, तेही तिने कानाआड केलं होतं.

खात्री करायची युक्ती सोपी होती. हेडफोन उलटा घालायचा. शिट्टीने बाजू बदलली तर ती तबकडीत, डावीकडेच राहिली तर कानात. हेडफोन मांडीवर घेऊन ती बसून राहिली. तबकडीच बिघडलेली असू दे, असं ती मनात घोकत होती, आणि इतक्या चांगल्या कामाचं वाईट चिंतल्याची तिला लाजही वाटत होती. न तपासता सही ठोकली असती तर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती.

तिने हेडफोन उलटा घातला. शिट्टी डावीकडेच होती.

म्हणजे तबकडी चांगली होती. पण चांगली कशावरून? डाव्या कानाला काय ऐकू येत नाहीये, ते तिला कोण सांगणार? आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती चिठ्ठी घेऊन सुपरवायझरच्या खोलीत गेली.

"काय, भांडीवाले कसे आहेत?" त्याने विचारलं.

"फार चांगले. पण साहेब, मी सही करत नाही. माझा डावा कान गेलाय." ती म्हणाली. "हिवाळ्यापासून. तुम्ही मागून ऐकत होतात म्हणून निभावलं. ही रेकॉर्डही तुम्हीच नीट ऐका."

सुपरवायझर उठला आणि त्याने दार लावून घेतलं.

"माझे दोन्ही गेल्यात जमा आहेत," परत खुर्चीत बसत तो हळूच म्हणाला. "दोन वर्षं झाली. बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. हेडफोन लावून बसतो आणि तुझी सही बघून सही करतो."

बाई समोरच्या खुर्चीत बसली. हिवाळ्यापासून तीसेक रेकॉर्ड बाहेर गेल्या होत्या, त्या सगळ्या तिच्या एकट्या उजव्या कानाच्या भरवशावर. स्वतःच्या कानापेक्षा आता तिला त्या रेकॉर्डचीच भीती वाटली. खोलीच्या काचेपलीकडून यंत्रावरच्या माणसाने चिठ्ठीसाठी हात केला. दोघांनीही त्याला पाहिलं, पण उठलं कुणीच नाही.