पाचोडच्या पत्र्याखाली

पाचोडला पावसानं मला चहाच्या टपरीत अडकवलं होतं. तेवढ्यात मोटारसायकलवरून एक पोरगी आली. एकटीच, संभाजीनगरहून थेट कन्याकुमारीला निघालेली! तिनं आधी गाडीचा आरसा पुसला, मग स्वतःचं तोंड. तिच्या वयात मी गावातल्या गावात क्रांती चौकातून गुलमंडीला जायची, तीही सोबतीला कडेवरचा दीर घेऊन!

तिचा फोन वाजला. तिनं तो माझ्याच हातात कोंबला. “आजी, आई आहे. पाऊस नाही म्हणा ना, नाहीतर परत बोलावील.”

“ताई, इथं लई कडक ऊन हाय,” मी ठोकून दिलं.

“मग एवढा तडतड आवाज कसला?”

“भाकऱ्या थापतेय.”

मग आई म्हणाली, “एक भाकर तिलाही वाढा. अन् थापून झाल्यावरच पुढं निघ म्हणावं.”