विम्याच्या बाई

कोणाच्याही दारात उभं राहण्याआधी बाई गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकायच्या. निघताना घरच्यांना हळूच सांगायच्या, "शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणा, विम्याच्या बाई आल्या होत्या."

बाई परिवीक्षा अधिकारी होत्या. कैदी सुटणार असला की त्याच्या घरी जायचं, घरचे त्याला घेतील का ते विचारायचं, अहवाल लिहायचा. मी त्याच कार्यालयात लिपिक. माझ्याकडे स्कूटर होती, म्हणून त्यांच्यासोबत पुणंभर हिंडलो. तुमच्याही गल्लीत त्या येऊन गेल्या असतील. तुम्हाला विम्याच्याच वाटल्या असतील.

मांजरी गावातल्या एका घरी आम्ही चार वेळा गेलो. मारामारीत एकाचा जीव गेला, त्यात थोरला भाऊ दहा वर्षं आत होता. आत सुतारकाम शिकला होता. धाकटा दर वेळी चहा द्यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, पोरीचं लग्न जमतंय. आत्ता नको."

चौथ्या वेळी बाईंनी विचारलं, "झालं ना लग्न?"

"झालं. पण आता व्याही येत-जात असत्यात."

बाईंनी चहा मात्र पूर्ण संपवला.

तो सुटला त्या सकाळी तुरुंगाच्या दारात आम्ही दोघंच होतो. बाईंनी बिबवेवाडीतल्या एका फर्निचरवाल्याकडे, सगळं खरं सांगून, त्याला कामाला लावलं. हात चांगला होता त्याचा. तीन आठवड्यांनी एका गिऱ्हाइकाला कुठून तरी कळलं. मालक बाईंना म्हणाला, "माझं काही नाही हो. पण लोक त्याला घरात घेत नाहीत, मी कपाटं बसवू कशी?"

मग तो आमच्या कार्यालयात आला. बसा म्हणेपर्यंत उभाच राहिला.

"मॅडम, मला परत आत जाता येईल का?"

"त्याचा अर्ज नाही हो आपल्याकडे," बाई फाइलमधून मान वर न काढता म्हणाल्या. मला हसू आलं. मग पाहिलं, त्यांचं पेन थांबलं होतं.

महिन्याभरात स्वारगेटजवळच्या दुकानातून ड्रिल मशीन उचलताना तो पकडला गेला. पळाला नाही, दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. शिक्षा झाली.

अहवालात 'पुनर्वसन' या रकान्यात बाईंनी लिहिलं, 'झाले नाही.'

साहेब म्हणाले, "बाई, 'प्रयत्न सुरू आहेत' असं लिहायचं असतं."

"कोण करतंय?" बाईंनी विचारलं. त्या वर्षीच त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांची जागा अजून भरलेली नाही.

गेल्या महिन्यात कामासाठी तुरुंगात गेलो, तर भेटीच्या खिडकीपाशी बाई रांगेत उभ्या. खिडकीतला शिपाई सांगत होता, "नातं लिहिलं नाही तुम्ही."

"नातं नाही काही."

"मग भेट होणार नाही, आजी."

मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, बहीण लिहा ना."

त्यांनी कागदाची घडी घातली. "नको. तो आत विचारात पडेल, कुठली बहीण म्हणून."

माझं काम आत होतं. सुतारशाळेत तो बाकाला पॉलिशपेपर मारत होता. तब्येत सुधारली होती. बाहेर कोण आलंय ते मी त्याला सांगितलं.

"एवढ्या उन्हात कशाला आल्या," तो म्हणाला आणि पुन्हा बाक घासू लागला.

मी बाहेर आलो तेव्हा रांग संपली होती. खिडकी लावलेली होती.