तेत्रोंच्या तलावाचं अस्तर

गाएतान ब्रिझब्वाच्या पायाला भिंगरी होती. केबेक प्रांतातल्या जोलिएत गावात कुणाच्याही परसात जमिनीवर उभ्या केलेल्या, पोहायच्या गोल लोखंडी तलावाचं प्लास्टिकचं अस्तर काठावरून निसटलं, की लोक तिलाच बोलवत. वय एकोणसाठ, खांदे रुंद, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. ही बाई जेवायचीसुद्धा उभ्याउभ्या. एक टोस्ट, दोन घोट कॉफी, की गाडीची किल्ली हातात. मे महिन्यात तर विचारूच नका. बर्फ वितळला रे वितळला, की अख्ख्या गावाला एकदम पोहायचं असतं, जसा काही उन्हाळा उद्याच संपणार आहे.

त्या गुरुवारी ती रोझेर तेत्रोकडे गेली. म्हातारा एक्क्याऐंशीचा, दोन्ही खुबे कामातून गेलेले. जमिनीवर काठीशिवाय एक पाऊल टाकायची सोय नव्हती, पण छातीभर पाण्यात तो तासन् तास गोल गोल चालायचा. त्यानं केलं काय, तर एप्रिलमध्ये पंप लावून तलाव पार कोरडा केला. त्याच्या वयाच्या माणसांना तिथे कितीही सांगा, हिवाळ्यातलं पाणी तलावात ठेवणं म्हणजे त्यांना शिळं जेवण वाढल्यासारखं वाटतं. पाण्याचं वजन गेलं, अस्तर थंडीत आकसलं आणि अर्ध्या घेरात काठाच्या खाचेतून निसटून लोंबायला लागलं.

"दरवर्षी करतो की मी. यंदाच कसं निसटलं?"

"दरवर्षी ते तरुण होतं, मस्यो तेत्रो. आता चौदा वर्षांचं झालंय. आपल्या कातड्याकडे बघा जरा."

"माझ्या कातड्याला नावं ठेवू नकोस, पोरी."

म्हाताऱ्याचा मुलगा नॉर्माँ मागच्या गॅलरीत हाताची घडी घालून उभा होता. दोन तासांवरच्या केबेक शहरातून तो एका दिवसाची रजा काढून आला होता. "अस्तर फाटलं तर नवं घालायचं नाही, मादाम," तो म्हणाला. "तलाव मोडायचा. पपांशी बोलणं झालंय."

"तू बोललास. मी ऐकलं," म्हातारा म्हणाला.

गाएताननं अस्तर चिमटीत धरलं. थंडगार आणि ताठ. वर आभाळ गच्च. ऊन लागून ते मऊ झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तिला तोंडपाठ होतं. तरी मागच्याच आठवड्यात मास्कूश गावी तिनं तासभर आधीच ओढायला घेतलं आणि अस्तर टरकन फाटलं. मालकाला तिनं सांगितलं, जुनंच होतं हो. ते काही जुनं नव्हतं. तेव्हापासून तिला आपल्याच हातांची भीती वाटत होती.

ती परसात फेऱ्या मारायला लागली. कुंपणापर्यंत, परत, पुन्हा कुंपणापर्यंत.

"बस की जरा. माझ्या गवतात वाट पडली," म्हातारा म्हणाला.

"बसले तर गंज चढेल मला."

बारा वाजले. साडेबारा. ढग काही हलेनात. नॉर्माँ पायऱ्या उतरून खाली आला. "ढगांकडे बघायला रजा नाही काढली मी. ओढून तर बघा. फाटायचं असेल तर फाटेल."

त्याला ते फाटायलाच हवं आहे, हे गाएतानला स्वच्छ कळलं आणि तिचं डोकं फिरलं. हात नुसते शिवशिवत होते. तिनं ते खिशात कोंबले. "केटल्या भरून ठेवा तुम्ही," ती म्हणाली. "दोन असतील तर दोन."

दीड वाजता ऊन पडलं. तरीही तिनं आणखी एक तास काढला. कसा काढला ते तिचं तिला माहीत. मग ती अनवाणी आत उतरली. नॉर्माँ बाहेरून काठाकाठानं गरम पाणी ओतायचा, ती दोन्ही तळव्यांनी अस्तर वर सरकवायची, काठ अंगठ्यानं खाचेत दाबायची आणि मागे प्लास्टिकची पाचर ठोकायची. वीतभर झालं की पुढची वीत. शेवटी हातभर उरलं आणि तिथे अस्तर अडून बसलं. ओढताच त्यावर पांढरी रेघ उमटली. मास्कूशला फाटायच्या आधी हीच रेघ आली होती.

तिनं सोडून दिलं. "आणखी पाणी."

"संपलं."

"मग उकळा. मी थांबते."

पाणी उकळेपर्यंत ती अस्तरावर नुसता हात ठेवून उभी राहिली. तिसऱ्या केटलीला ती रेघ विरली आणि काठ खाचेत जाऊन बसला. गाएतान तलावाच्या तळाशी मटकन खाली बसली. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

पाच वाजता नळाचं पाणी पोटरीपर्यंत चढलं होतं. म्हातारा चड्डी घालून हजर. भरू दे, उद्या उतरा, असं दोघांनी सांगून पाहिलं, पण ऐकेल तर शपथ. काठी गवतात टाकून तो शिडी चढू लागला. पहिली पायरी, दुसरी. तिसरीवर पाय उचलेना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नाही. अस्तर बसलं होतं आणि माणूस बाहेर होता.

"बघतोस काय गाढवा," म्हातारा मान न वळवता म्हणाला. "ढकल."

नॉर्माँनं खांदा लावला आणि ढकललं. म्हातारा शिव्या देत पलीकडे गेला, गाएताननं त्याला धरून आत उतरवलं. थंडीनं दातावर दात वाजत होते. काठावर एक हात ठेवून तो निघाला. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला काठावर फक्त बोटांची टोकं उरली.

"पपा, उद्या कोण ढकलणार तुम्हाला?"

म्हातारा चालतच राहिला.

गाएतानच्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी येते की रोज सातला, उठलेलीच असते मी. तिनं ओठ घट्ट मिटले आणि हातातला पाइप उगाच सरळ करत राहिली. नॉर्माँ शिडीकडे बघत होता. मग त्यानं तिसऱ्या पायरीची उंची वितीनं मोजली.

"रुंद पायऱ्या बसतील का इथे, मादाम? कठड्याच्या?"

"बसतील. दोन दिवस लागतील."

नॉर्माँनं खिशातून फोन काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. "तोवर राहतो मी, पपा. मी ढकलीन."

"हळू ढकल," पाण्यातून म्हातारा म्हणाला. "आज बरगडी मोडली असती."