सुईबाईंची नात

आरोग्य केंद्रात लस टोचणाऱ्या नर्सबाईंना सगळे सुईबाई म्हणायचे. घाबरलेल्या आयांना त्या बिनदिक्कत ठोकून द्यायच्या, "काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं!" त्यांनी टोचलेली पोरं आता मिशा राखून होती, तरी बाई दिसल्या की रस्ता बदलायची.

आणि याच बाईंना त्यांच्या सुनेने ठणकावलं, "माझ्या मुलीला सुई नाही." तिचा भाचा लशीनंतर तापाने फणफणला होता, आणि तिथेही कुणीतरी 'काही होत नाही' असंच म्हणालं होतं. इकडे डांग्या खोकल्याची साथ गल्लीत शिरलेली. तीन महिन्यांच्या नातीच्या काळजीने बाईंचा जीव टांगणीला लागला.

एका सकाळी सून न्हायला गेली आणि लेकाने बाळ उचललं. मायलेक चोरासारखे रस्ता ओलांडून केंद्रात! बाईंच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला, आणि हसू काही आवरेना.

सुई पाहिली की गार पडणारा लेक डोळे घट्ट मिटून बसला. बाईंनी लस भरली आणि सवयीने, प्रत्येक बापाला दरडावतात तसं, विचारलं, "हिच्या आईला विचारलंय ना?"

"अगं आई, आपण चोरून आलोय!"

बाई खो खो हसत सुटल्या. मग त्यांनी भरलेली सुई तशीच ट्रेमध्ये ठेवली. जगातल्या आयांना विचारायचं आणि घरच्या आईला फसवायचं? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"ऊठ. घरी चल."

सून ओल्या केसांनी दारात उभी, रडकुंडीला आलेली. बाईंनी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"खरं सांगा, टोचल्यावर काय होईल?" सुनेने विचारलं.

बाईंनी तोंडावर आलेलं नेहमीचं वाक्य गिळलं. "ताप येईल. मांडी सुजेल, रडून घर डोक्यावर घेईल. क्वचित एखाद्याला जास्तही त्रास होतो. पण मला त्या खोकल्याची त्याहून भीती वाटते गं."

"आणि मी नाहीच म्हटलं तर?"

"भांडेन, रुसेन. पण चोरून नाही टोचणार."

सुनेने केसांना टॉवेल गुंडाळला. "चला. मी धरते तिला."

संध्याकाळी ती थर्मामीटर नाचवत ओरडत आली, "आई, आला! ताप आला! अगदी तुम्ही सांगितला तसाच!" दोघी वेड्यासारख्या हसल्या. मग किरकिरणारी लेक सासूच्या मांडीवर टाकून ती खुशाल झोपायला गेली.