बोधनकरकाकांच्या गाडीला इलेक्ट्रिक वॉटर पंप

"हे लाव," म्हणत बोधनकरकाकांनी मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. स्क्रीनवर इलेक्ट्रिक वॉटर पंप होता. मी गुढियारीतल्या माझ्या गॅरेजात दुसऱ्याच गाडीखाली आडवा होतो, त्यामुळे मला तो उलटा दिसला.

काका चौबे कॉलोनीतले, रेल्वेतून रिटायर. गाडी जुनी पेट्रोल सेडान, हल्ली सिग्नलवर उभी राहिली की तापायची. आणि भर मे महिन्यात मुलीचं, ऋचाचं, लग्न. ऋचाने घरात जाहीर केलं होतं, "दूल्हे की बारात निकलेगी तो मेरी क्यों नहीं?" म्हणजे नवरी याच गाडीतून हॉलवर जाणार, स्टिअरिंगवर पापा, पुढे धुमाल. आमच्याकडचा धुमाल म्हणजे ढोल, ताशे आणि भोंगे यांचा ताफा. गाणं संपल्याशिवाय तो चौक सोडत नाही. मागच्या गाडीने रांगायचं.

इंजिन थंड ठेवणारं पाणी पंप फिरवतो. साधा पंप इंजिनाच्या बेल्टवर चालतो. इंजिन मंद, तर पाणीही मंद. इलेक्ट्रिक पंपाला बॅटरीवर चालणारी स्वतःची मोटर असते, गाडी उभी असली तरी तो जोरात फिरतो. काकांचा तर्क बरोबर होता. हीच तर अडचण होती.

मलाही नवीन वस्तू लावायची खाज. पण वायरिंग म्हातारं. साधा पंप बिघडताना बहुधा आधी थेंब टाकून कळवतो. याचा फ्यूज उडाला तर हा गपकन थांबणार, आणि नवरी चौकात.

"आधी बॉनेट तर उघडू द्या," मी म्हणालो.

उघडलं आणि वाळ्याचा वास आला. बैठकीतल्या कूलरचा, थंडगार, उन्हाळी दुपारचा. मी बॉनेट बंद केलं, श्वास घेतला, पुन्हा उघडलं. तोच वास. काकांसोबत आलेली ऋचा तोंडावर ओढणी धरून हसत होती. रेडिएटरपुढे, जाळीच्या आत, खसची ताटी तारेने सुरेख बांधलेली.

"काका, हे काय?"

"खस. कूलरले लावतो तशीच लावली. सकाळी पाणी मारतो तिच्यावर."

"आणि दुपारी?"

"दुपारी वाळते," काका जरा हळू म्हणाले.

रेडिएटरला वारा लागतो, तेव्हा आतलं पाणी निवतं. काकांनी मे महिन्यात त्याला रजई पांघरली होती. पंप कितीही जोरात फिरवा, गरम पाणीच गरगर फिरणार.

"पण खस लावायच्या आधीबी तापतच होती ना," काकांनी वकिली केली. मुद्दा रास्त होता. शोधलं, तर रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालेलं. कुकरची रिंग गेली की शिट्टी होत नाही आणि पाणी उडून जातं, तसंच. ताटी काढली, झाकण बदललं, पाणी भरलं, बेल्ट आणि पंखा तपासला. दोन्ही ठणठणीत.

काकांचा विश्वास मात्र मोबाइलवरच. मग मी शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, धुमालवाल्या भैयाला विचारलं, रिहर्सल रस्त्यावर करतोस का. "हव," म्हणाला, आणि भर उन्हात वाजवत निघाला. मागे काका गाडीत, ऋचा मागच्या सीटवर हात हलवायचा सराव करते आहे, आणि मी बॉनेटपुढे पाना घेऊन नाचतो आहे. नाचता नाचता पंख्याकडे कान होता, असं मी नंतर बायकोला सांगितलं.

नाक्यावर काकांनी काच खाली केली. "टेम्परेचरचा काटा मधातच उभा आहे. हलूनच नाही राहिला. मीटर बिघडवलं का तू?"

पंप लावला नाही.

लग्नाच्या दिवशी गाडी धुमालमागे रांगत हॉलपर्यंत गेली, काटा अर्ध्यावरच. काकांचा चेहरा मात्र ओला होता. एसी बंद ठेवलेला, त्यामुळे घाम आहे म्हणाले. ऋचा म्हणाली, "हाँ पापा, पसीना ही है," आणि आपलेही डोळे पुसले.

इलेक्ट्रिक पंप वाईट नाही, योग्य गाडीला मी तो आनंदाने लावतो. पण नवीन काही लावण्याआधी मालकाने आधीच काय लावून ठेवलंय, ते बघून घ्यावं. ती ताटी सध्या माझ्या गॅरेजच्या कूलरला आहे. तिथे ती झकास काम करते.